शिक्षेच्या बाकावरच्या सुमनमावशी

मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी बसमध्ये होते. 'आपल्या सर्वांच्या लाडक्या, मनमिळाऊ, क्रीडाप्रेमी सुमनताई वाघमारे यांचे कार्डिफ येथे मुलीच्या घरी दुःखद निधन.' खाली हात जोडलेल्यांची लांबलचक रांग. मीही जोडले. मग मेसेज पुन्हा वाचला आणि डोकंच फिरलं.

मनमिळाऊ? मंडळाच्या अर्ध्या कमिटीशी सुमनमावशींनी बोलणं टाकलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या कमिटीनं त्यांच्याशी. लाडक्या? गणपतीच्या आरतीला उशिरा येणाऱ्यांना दारातच 'झाली आरती, आता प्रसादापुरते आलात का?' असं विचारणारी बाई कोणाची लाडकी असणार? आणि क्रीडाप्रेमी! फुटबॉल त्यांना आवडायचा की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आवडत नसावा, असा माझा अंदाज आहे.

माणूस गेला की त्याच्या सगळ्या कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि तीन विशेषणांत गुंडाळून ठेवून द्यायचं. मला ते जमत नाही. मी पत्रकं लिहिते. दिवसा एका संस्थेत भाडेकरूंचे फोन घेते आणि उरलेल्या वेळात कोणती ना कोणती इमारत वाचवायला धावते. नागपूरहून शिकायला आले, राहिले, आणि आजवर ज्या ज्या इमारतीसाठी लढले तिथे आज फ्लॅट उभे आहेत. त्यामुळे हे लिहिताना माझ्यात फारसा जोर उरलेला नाही, हे आधीच सांगते. पण सुमनमावशींना मनमिळाऊ म्हणू देणार नाही.

आमचं गाव लंडनजवळच्या स्लाऊच्या पलीकडे. नाव लिहीत नाही, कारण कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, वकील गावातल्या मतदारांपेक्षा जास्त वाचतात. स्लाऊसारखीच आमच्याकडेही एक इंडस्ट्रियल इस्टेट आहे. गोदामं, व्हॅन, पहाटेच्या शिफ्टला चालत जाणारी माणसं. त्या इस्टेटीच्या टोकाला पत्र्याच्या छपराचा एक मोठा हॉल होता. तिथे एके काळी इनडोअर फुटबॉलची व्यावसायिक लीग खेळली जायची.

हा खेळ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही कोणीतरी सांगावं लागलं होतं. सिमेंटवर हिरवं कारपेट अंथरलेलं. त्यावर पडलं की गुडघ्याची साल निघते. भोवतीनं कंबरेएवढ्या लाकडी फळ्या. बॉल फळीवर आपटतो आणि परत येतो, म्हणून खेळ थांबत नाही. कोणी धसमुसळेपणा केला तर रेफ्री निळं कार्ड दाखवतो आणि त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतो. दरम्यान समोरच्यांनी गोल केला तर त्याची तेवढ्यावर सुटका. हे बसवणं साधं नव्हतं. फळ्यांच्या मागे प्लायवूडचं एक खुराडं होतं, आत बाक, पुढे कडी लावलेलं बुटकं दार. दार सांभाळायला एक माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे सुमनमावशी. लीगचे मालक बदलले, नावं बदलली, बॉलचा रंगसुद्धा बदलला. दारावरची बाई तीच राहिली.

त्या तिथे पोचल्या कशा, याची गोष्ट त्या अगदी कंटाळलेल्या सुरात सांगायच्या. त्यांचे यजमान वसंतराव इस्टेटीतल्या कारखान्यात इलेक्ट्रिकचे पॅनेल जोडायचे. हॉलचा स्कोअरबोर्ड त्यांनीच दुरुस्त केलेला, त्यामुळे तो चालवायला दर शनिवारी तेच. मावशी स्वतः हॉस्पिटलात रक्त काढायच्या. शनिवारची ड्युटी संपली की तशाच गणवेशात हॉलवर यायच्या आणि वर स्कोअरबोर्डापाशी बसून राहायच्या. "घरी बसून काय भिंती बघू? इथे निदान हीटिंग फुकट होतं."

दारावर तेव्हा एक निवृत्त पोस्टमन असायचा. एकदा एका धिप्पाड बचावपटूनं त्याला दारासकट ढकललं. पोस्टमननं टोपी उचलली, झटकली आणि तो सरळ घरी गेला. खेळ थांबला. रेफ्री प्रेक्षकांकडे बघू लागला. मावशी खाली उतरल्या, दार सरळ केलं, त्या बचावपटूला म्हणाल्या, "सिट."

तो बसला.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं होतं.

"कशाची? अगं, मोठा माणूस सुई दाखवल्यावर केवढा होतो ते मी रोज बघत होते. हा तर नुसता घामेजलेला होता."

खेळाडू त्यांना मिसेस डब्ल्यू म्हणत. आडनाव त्यांच्या जिभेवर चढायचं नाही आणि ते चढावं म्हणून मावशींनीही कधी हट्ट धरला नाही. त्यांचा हट्ट वेगळाच होता. आत आलेल्या प्रत्येकाला त्या एकच प्रश्न विचारायच्या: काय केलंस? खेळाडू म्हणायचा, काही नाही, रेफ्री आंधळा आहे. मावशी म्हणायच्या, बरं, मग काही नाहीसाठी बस. शर्ट ओढला, कोपर मारलं, शिवी दिली, जे केलं ते धड शब्दांत सांगेपर्यंत त्या त्याच्याकडे बघायच्या नाहीत. सांगितलं की मान हलवायच्या. उपदेश नाही, सहानुभूती नाही. कोणी बाजू मांडायला लागला आणि मध्येच वेळ संपली, तर कडी काढून म्हणायच्या, "राहिलेलं बाहेर जाऊन बोल."

मी त्यांना भेटले ती पत्रकामुळेच. हॉल विकायचा घाट कौन्सिलनं घातला होता; तिथे पार्सलचा डेपो होणार होता. मी रातोरात पत्रक छापलं आणि हॉलच्या दारात उभी राहून वाटायला लागले. वर ठसठशीत अक्षरांत इंग्रजीत: 'ब्रिटनच्या इनडोअर फुटबॉलचं जन्मस्थान वाचवा!' एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई, साडीवर जाड कार्डिगन, पायात ट्रेनर बूट, पत्रक घेऊन वाचत उभी राहिली. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून मराठीत म्हणाली, "हे तू लिहिलंस?"

"हो." माझ्या चेहऱ्यावर मराठी लिहिलेलं असतं की काय, देव जाणे.

"जन्म इथे झाला असं कोणी सांगितलं?"

"इथे लीग होती ना?"

"होती. पण जन्म दर वेळी दुसरीकडे व्हायचा. मोठ्या शहरात, दिवे लावून, धूर सोडून. पैसे संपले की भाडं कमी म्हणून उरलेले सामने इथे यायचे. बाई, हे प्रसूतिगृह नव्हे. इथे ती लीग मरायला यायची."

"मावशी, मरायची जागा वाचवा असं पत्रक कोण वाचेल?"

"मग खरं लिहून कोणी वाचत नाही म्हणून खोटं लिहितेस?"

मला राग आला. आम्हाला प्रचारात पहिली गोष्ट हीच शिकवतात की मथळा हा मथळा असतो, शपथपत्र नव्हे. पण त्या पत्रकाची घडी घालून आत गेल्या, आणि माझ्या पायाला काय झालं कोण जाणे, मी मागोमाग गेले.

त्यानंतर त्या मला 'पत्रकवाली' म्हणू लागल्या. नाव सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मला लीगचा इतिहास हवा होता. कौन्सिलला वारसा, परंपरा, असे शब्द लागतात. त्यांच्या स्वयंपाकघरात रेकॉर्डर लावून बसले. समोर चहा, खिडकीबाहेर शेजाऱ्याची मांजर.

"दुसऱ्या लीगमध्ये कोण जिंकलं होतं, मावशी?"

"मला काय माहीत? स्कोअरबोर्डाकडे माझी पाठ असायची. ते डिपार्टमेंट यांचं." यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा फोटो फ्रिजवर होता, देवाजवळ नव्हे. देवाजवळ ठेवला की माणूस फारच गंभीर दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

"निदान मोठे खेळाडू कोण होते?"

"मोठे म्हणजे? उंच?"

"अहो मावशी!"

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि लीगचा सगळा इतिहास चार वाक्यांत सांगितला. "पहिल्या लीगमधली पोरं शिव्या द्यायची. दुसरीतली रडायची. तिसरीत सगळे म्हातारे होते, बसायला मिळालं म्हणून खूश व्हायचे. चौथीतली फोन बघायची. संपलं."

मी रेकॉर्डर बंद करणार होते. मग एकेक वाक्य उलगडायला लावलं, आणि माझ्या लक्षात आलं की इतकं नेमकं मी कुठल्याच कार्यशाळेत ऐकलेलं नाही. पहिली लीग एका फर्निचरच्या व्यापाऱ्यानं अमेरिकेत खेळ पाहून काढली. मैदानी क्लबांनी सोडलेले खेळाडू होते, पण पगारी, वर्षभराचे. उद्याची भीती नव्हती, म्हणून तोंड मोकळं. दुसरी एका टीव्ही चॅनलच्या जोरावर उभी राहिली. सामन्याचे तुकडे केले, मध्ये जाहिराती, आणि खेळाडूंना कधी काढतील याचा नेम नाही. तिसरीत निवृत्त नावाजलेली माणसं आणली. लोक त्यांना बघायला यायचे, ती माणसं धाप टाकायला बाकावर यायची. चौथी अगदी अलीकडची, फोनवर दाखवायची. त्यातल्या पोरांना खेळासाठी घेतलंय की फोनवरच्या चाहत्यांसाठी, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आणि प्रत्येक नवा मालक इथल्या पहिल्या दिवशी माइक हातात घेऊन ओरडायचा, पहिला सीझन! आधीचं काही घडलंच नाही जणू.

"तुम्हाला राग नाही यायचा?"

"यायचा. पण दार मीच सांभाळायचे ना. त्यांना पहिला सीझन वाटला तर वाटू दे."

रडणाऱ्यांपैकी डेरेक त्यांच्या चांगला लक्षात होता. यॉर्कशरचा, केस पिंगट, दात वेडेवाकडे. दुसऱ्या लीगच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याला निळं कार्ड मिळालं. आत आला, बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. मावशींनी विचारलं, काय केलंस? तो म्हणाला, मी मुद्दाम पाडलं त्याला. मध्यंतरात मॅनेजरनं सांगितलं की सोमवारपासून टीम नाही. घरी काय सांगू? मावशींनी मान हलवली. तेवढ्यात समोरच्या टीमनं गोल केला. म्हणजे डेरेक सुटला. मावशींनी कडी काढली. तो उठेना.

"मग?"

"मी म्हटलं, अप. तो म्हणाला, व्हॉट फॉर?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, आय डोन्ट नो. बट नॉट हिअर."

एवढंच सांगून त्या चहाचे कप विसळायला उठल्या. मी असते तर डेरेकला मिठी मारली असती, युनियनचा नंबर दिला असता, दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं असतं. मावशींनी त्याला उठवून मैदानात पाठवलं. तो उरलेला सामना खेळला. बरा खेळला का? त्यांना माहीत नाही. पाठ होती.

टीव्हीवाल्यांचा किस्सा त्या जरा रंगवून सांगायच्या, म्हणून थोडं कमी करून घ्या. लोकांचा आवडता एक खेळाडू बाकावर होता आणि जाहिराती संपून चित्रण पुन्हा सुरू होणार होतं. मालक स्वतः धावत आला. मिसेस डब्ल्यू, सोडा त्याला, कॅमेरा चालू होतोय. मावशी म्हणाल्या, कॅमेऱ्याला थांबायला सांगा. तो ओरडला, ही लीग माझी आहे. मावशी म्हणाल्या, लीग तुमची असेल, दोन मिनिटं याची आहेत. त्यानं त्यांना तिथल्या तिथे काढलं. पुढच्या शनिवारी दारावर एक दणकट सिक्युरिटी गार्ड आला. पहिलाच शिक्षा झालेला खेळाडू त्याच्यासमोर बसायला तयार होईना. दुसराही होईना. दोघांचं म्हणणं एकच, आम्ही मिसेस डब्ल्यूसमोर बसू. मालकानं घरी गाडी पाठवली. मावशी कढी करत होत्या. कढी पूर्ण करूनच गेल्या.

"हे खरं आहे?" मी विचारलं.

"कढीचं खरं आहे."

चौथी लीगही बंद पडल्यावर हॉलमध्ये उरलं ते बॅडमिंटन, कधीतरी एखादं लग्न आणि बुधवारची संध्याकाळ. खरी गोष्ट ही बुधवारची. मावशींनी हॉलच्या मॅनेजरच्या मागे लागून बुधवार मिळवला, इस्टेटीजवळच्या वस्तीतल्या मुलींसाठी. शीख, पाकिस्तानी, पोलिश, तमिळ, एक सोमाली, आणि मराठी म्हणायला एकटी ईशा. या मुलींना पार्कात खेळायची चोरी. रस्त्यावरून काका जातात, मामा जातात, मशिदीतले, गुरुद्वाऱ्यातले, मंडळातले. सगळे जाता जाता दोन मिनिटं थांबून बघतात आणि घरी कळवतात. इथे चार भिंती होत्या. आया विचारायच्या, तिथे कोण असतं? पोरी म्हणायच्या, मिसेस डब्ल्यू. आया पाठवायच्या. त्यातल्या कित्येकींचं रक्त मावशींनी काढलेलं होतं.

मी पहिल्यांदा बुधवारी गेले तेव्हा ईशा बाकावर होती. पंधरा-सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली, रागानं लाल.

"मावशी, माझी काही चूक नव्हता! ती आधी पुश केला!"

"कोणी विचारलं, आधी कोणी केलं? तू काय केलंस?"

"मी पण पुश केली."

"जोरात?"

"...व्हेरी."

मावशींनी मान हलवली. ईशा भिंतीला डोकं टेकून बसली. कोणी शाळेत असं बोललं असतं तर ती दार आपटून गेली असती, हे तिच्या आईनंच मला सांगितलं.

माझी मोहीम लीगसाठी होती. मावशींना लीगशी देणंघेणं नव्हतं. "चार वेळा मेली, अजून किती वेळा मारणार तिला?" त्यांना बुधवार हवा होता. आणि तो हॉल गेला तर बुधवार जाणार, कारण कौन्सिलनं दाखवलेली पर्यायी जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. दोन बस बदलून, रविवारी सकाळी, अर्ध्या भिंतीला काच. त्या काचेमागे कॅफे. कोणाची आई पाठवणार?

कौन्सिलच्या सभेत नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. समोर एक छोटा दिवा असतो. हिरवा, मग पिवळा, मग लाल. आमच्या बाजूनं एकानंच बोलायचं होतं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही. त्या नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, मग कपाटातली मोरपंखी साडी काढून इस्त्री केली. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात तालीम केली. त्या मुलींबद्दल असं काही बोलल्या की मी लिहून घ्यायचं विसरले. मला वाटलं, या वेळी आपण जिंकू शकतो. असं मला प्रत्येक वेळी वाटतं, पण त्या वेळी जरा जास्तच वाटलं.

सभेला आठ मुली आल्या. मागच्या रांगेत, शाळेच्या गणवेशात, एकमेकींना चिकटून. आधी डेपोवाल्यांचा सल्लागार बोलला. रोजगार, पुनरुज्जीवन, दळणवळण. त्याचा दिवा लाल झाला. तो बोलतच राहिला. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, आता आवरतं घ्या. तो म्हणाला, अर्थातच, आणि आणखी बोलला. लाल दिवा जळतोय आणि हा माणूस डेपोसमोरच्या कारंज्याचं चित्र दाखवतोय!

मग मावशी उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. हिरवा दिवा लागला.

आणि त्यांनी मंडळातल्यासारखी सुरुवात केली.

आपल्याकडे मंडळात कार्यक्रम कसा सुरू होतो, माहीत आहे ना? सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आजी-माजी पदाधिकारी. मावशी कित्येक वर्षं मंडळाच्या व्यासपीठावर वावरलेल्या. तालमीत यातलं काही नव्हतं. पण समोर लांबलचक टेबल, टेबलामागे ओळीनं बसलेली माणसं आणि प्रत्येकापुढे नावाची पाटी, हे दिसलं आणि त्यांच्या अंगात मंडळ आलं. इंग्रजीत, सावकाश, त्यांनी अध्यक्षबाईंना अभिवादन केलं. उपाध्यक्षांना केलं. मग पाट्या वाचत एकेका सभासदाला, पक्षाचा भेदभाव न करता. एक पाटी उलटी झाली होती, तिथे थांबून नाव विचारून घेतलं. कारकुनाचे आभार मानले. पाण्याचे ग्लास भरणाऱ्या बाईचे मानले. मी मागून कुजबुजले, "मावशी, मुली, मुली!" त्यांनी हातानंच मला गप्प केलं. मान्यवरांचं चाललेलं असताना मध्ये बोलायचं नसतं.

दिवा पिवळा झाला तेव्हा त्या हॉलपर्यंत पोचल्या. बोलल्या छान. तो हॉल काही महान नाही, म्हणाल्या. तिथे कोणी मोठं झालं नाही. तिथे माणसं येतात, चुका करतात, बसतात, परत खेळायला जातात. मला वाटतं अध्यक्षबाईंनी तेव्हा पहिल्यांदा कागदावरून मान वर केली. "आणि बुधवारी," मावशी म्हणाल्या, "या ज्या मुली मागे बसल्या आहेत, त्यांना..."

लाल.

मावशी थांबल्या. वाक्याच्या मध्यात. "थँक यू," म्हणाल्या आणि खाली बसायला लागल्या.

अध्यक्षबाईंनासुद्धा ते चमत्कारिक वाटलं. "मिसेस वाघमारे, तुमचं वाक्य पूर्ण करा हवं तर."

"नो, थँक यू. माय टाइम इज ओव्हर."

आणि बसल्या.

मी उभी राहिले, ओरडले, मला बाहेर काढायची धमकी मिळाली. हे सगळं माझ्या बाबतीत नेहमीचंच. मतदान झालं. हॉल गेला. मतं आधीच ठरलेली होती, त्यांच्या अहवालाचा शेवट सभेच्या कितीतरी आधी लिहून झाला होता, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. एका वाक्यानं काही बदललं नसतं. पण ते वाक्य त्या खोलीत उच्चारलं जायला हवं होतं. आठ मुली त्यासाठी आल्या होत्या. ज्यांनी तो हॉल विकला त्यांना ते ऐकावं तरी लागलं असतं. ऐकून मग विकायला हवा होता.

बसस्टॉपवर वारा होता. मुली आधीच्या बसनं गेल्या होत्या. मी मावशींवर तुटून पडले.

"अहो, ती बाई स्वतः म्हणत होती, पूर्ण करा!"

"लाल झाला होता."

"त्या सल्लागाराचा नव्हता झाला?"

"झाला होता. तो बसला नाही. त्यांनी बसवलं नाही. त्यात माझं काय?"

"मावशी, तुम्ही नियम पाळलात आणि त्यांनी हॉल घेतला. या लोकांना असंच माणूस हवं असतं. वेळेवर गप्प बसणारं!"

मावशी बसच्या वाटेकडे बघत होत्या. थकल्या होत्या. साडीच्या निऱ्या वाऱ्यानं उडत होत्या, त्या एका हातानं धरून उभ्या होत्या.

"अगं पत्रकवाले," त्या म्हणाल्या, "किती जणांना मी अर्ध्या वाक्यात उठवलं असेल. कोणी म्हणायचा, माझी आई आजारी आहे. कोणी म्हणायचा, हे शेवटचं ऐका. डेरेकला उठवलं. आणि माझी पाळी आली की मी अजून थोडं, अजून थोडं करू? त्या पोरी मागे बसून बघत होत्या."

"त्या पोरी तुम्ही त्यांच्यासाठी भांडाल म्हणून आल्या होत्या."

"हो," मावशी म्हणाल्या. "तेही खरं आहे."

एवढ्या वादांमध्ये त्यांनी माझं म्हणणं मान्य केल्याची ही एकच वेळ. मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही. बस आली. मी विचारलं, "मग आता बुधवारचं काय?"

"बघू," म्हणाल्या, आणि पुढच्या सीटवर बसून सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या बरोबर होत्या की मी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पत्रकात असं वाक्य चालत नाही. पत्रकात एक बाजू असते. मला आजही वाटतं त्या चुकल्या. दिवे कौन्सिलनं लावलेले, टेबल त्यांचं, मिनिटं त्यांची, आणि आपण मात्र इमानदारीत बसायचं? असल्या सभ्यपणावर या देशाची निम्मी कौन्सिलं चालतात. पण त्याच बाईसमोर धिप्पाड पुरुष येऊन आपली चूक धड शब्दांत सांगायचे, आणि ते का सांगायचे, हे मला माहीत आहे.

हॉलला पत्रे ठोकले गेले. मी दुसऱ्या मोहिमेत अडकले, एका लायब्ररीच्या. मावशींचा फोन यायचा, मी नंतर करते म्हणायचे. मग कळलं, गुडघे फार दुखतात म्हणून मुलगी त्यांना कार्डिफला नेणार आहे.

त्या जायच्या आधी मी त्यांना एकदाच पाहिलं. बुधवार होता, लक्षात आहे, कारण लायब्ररीची मीटिंग बुधवारची. उशीर झाला म्हणून कॅनॉलकडच्या पार्कातून आडवी निघाले होते. पार्क उघडा, बाजूनं रस्ता, रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस मान वळवून बघत होता. आणि मधल्या गवतावर मावशी उभ्या होत्या. जाडा कोट, डोक्याला मफलर. समोर चार मुली. आठ नव्हे, चार. ईशा होती, सोमाली मुलगी होती, आणखी दोघी. दोन माणसं कुंपणाला रेलून बघत होती. मावशींनी त्यांच्याकडे पाठ केली होती.

काय चाललंय ते मला आधी कळेना. मग कळलं. उघड्या मैदानात बॉल रेषेबाहेर गेला की तो दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकायचा असतो. पण या पोरी फळ्यांमध्ये वाढलेल्या. त्यांचा बॉल आजवर बाहेर गेलाच नव्हता. फेकायचा कसा, हे एकीलाही येत नव्हतं, आणि शिकवणाऱ्या बाईलाही येत नव्हतं.

मावशींनी बॉल डोक्यामागे नेला, एक पाय उचलला आणि फेकला. बॉल त्यांच्याच पुढ्यात चिखलात पडला. पोरी हसत सुटल्या.

"मावशी, पाय खाली ठेवायची असते! दोन्ही!" ईशा ओरडली.

"कोणी सांगितलं?"

"यूट्यूबनं."

"मग इतका वेळ तोंडात काय धरलं होतंस?"

ईशानं बॉल आणून कोटाच्या बाहीनं पुसला आणि त्यांच्या हातात दिला. मावशींनी दोन्ही पाय चिखलात घट्ट रोवले, दुखऱ्या गुडघ्यांवर जरा हेलकावल्या, आणि बॉल पुन्हा डोक्यावर नेला.